आकाशांतील गोठणपातळी : वैमानिकांचा ठोकताळा व आपली गारपीट

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र या भागांत झालेल्या गारपिटीनें गहूं-हरभऱ्याचीं उभीं पिकें व द्राक्ष-डाळिंबांच्या बागा कशा झोडपल्या, हें वाचकांस सांगावयास नको. पावसाळ्यांत आकाश ढगांनीं भरलेलें असतें, पण गार क्वचितच पडते. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र पडते. असें कां व्हावें? या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर ज्या एका उंचींत आहे, तीच उंची वैमानिकांसही पाहावी लागते. तिचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जमिनीपासून वर जावें तसतशी हवा बहुधा थंड होत जाते. जेथें उष्णतामान शून्य अंश सेंटिग्रेड होतें, त्या उंचीस आपण गोठणपातळी म्हणूं. तिच्या वरच्या ढगांतील पुष्कळ जलबिंदु शून्याखालीं जाऊनही पाणीच राहतात व विमानाच्या पंखास लागतांच गोठतात. त्या बर्फानें पंखाचा आकार बिघडतो, वजन वाढतें व विमानास उचलून धरणारी शक्ति घटते. म्हणून वैमानिकांत एक ठोकताळा रूढ आहे. दर हजार फुटांस हवा दोन अंशांनीं थंड होते असें धरावें. जमिनीवरील अंशांस दोहोंनीं भागावें. येईल तितके हजार फूट वर गोठणपातळी समजावी व त्यांत गांवाची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवावी. पुण्याची उंची सुमारें १,८०० फूट आहे. तेथें ३० अंश असल्यास १५,००० अधिक १,८००, म्हणजे १६,८०० फूट हें उत्तर येतें.

हिशेब सोपा आहे, पण तो कितपत भरंवशाचा? मार्चमधील एका निरभ्र दिवशीं पुण्यास पहाटे १६ व दुपारीं ३६ अंश असले, असें धरूं. पहाटेचें उत्तर ९,८०० फूट व दुपारचें १९,८०० फूट! वस्तुतः इतक्या उंचीवरील हवा एका दिवसांत सहसा फारशी बदलत नाहीं. तापते व निवते ती मुख्यत्वें जमिनीलगतची हवा. निरभ्र रात्रीं भूमि निवते, थंड हवा सखल रानांत सांचते व तिच्या वरची हवा उलट अधिक ऊन असते. निफाडकडील बागाइतदार थंडीच्या लाटेंत पहाटे शेकोट्या पेटवितात, त्या याच थंड थरापासून वेल राखण्यासाठीं. याच्या उलट, कडक दुपारीं वर चढणारी कोरडी हवा दर हजार फुटांस सुमारें तीन अंश थंड होते. तेव्हां खरी गोठणपातळी हिशेबापेक्षां पुष्कळ खालीं असते, आणि वैमानिकास हीच चूक घातक.

पावसाळ्यांत बाष्पाचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते. त्यामुळें हवा सावकाश, दर हजार फुटांस सुमारें दीड अंश, थंड होते. जुलैंत जमिनीवर २५ अंशच असले तर ठोकताळा १४,३०० फूट सांगतो; परंतु महाराष्ट्रावर त्या महिन्यांत गोठणपातळी सुमारें १८,००० फुटांवर असते. वर तयार झालेली लहान गार एवढ्या उबदार थरांतून उतरतां उतरतां विरघळते व आपल्या शेतांत पाणी होऊन पडते. फेब्रुवारी-मार्चमध्यें ही पातळी बरीच खालीं असते. त्यांतच जोरानें वर चढणाऱ्या हवेनें गार अधिक वेळ तोलून धरली, म्हणजे ती मोठी होते व जमिनीपर्यंत शाबूत पोंचते.

सारांश, अंगणांतील पारा पाहून आकाशाचा थंडपणा ठरवूं नये. ठोकताळा प्रथम अंदाजापुरता ठीक. खरी उंची फुग्यास बांधलेलें यंत्र सांगतें. भारतीय हवामान खातें मुंबई, नागपूर इत्यादि ठिकाणांहून असे फुगे सोडतें व यंत्र वर चढत असतां उष्णतामान बिनतारी संदेशानें कळवितें. तेव्हां दुपारचें ऊन कडक आहे एवढ्यावरून गारेचें भय नाहीं, असें आपल्या कृषिबंधूंनीं मानूं नये. खात्याचा इशारा येतांच तयार धान्य काढून झांकून ठेवावें, गुरें गोठ्यांत घ्यावीं व ज्यांच्यापाशीं जाळ्या असतील त्यांनीं त्या बागेवर ओढाव्या.