महागडं कर्ज उतरवायचंय? आधी हिशोब, मग सही



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की नोंदवहीत कारण लिहिलं जातं. शेळीपालन, शिलाई मशीन, किराणा दुकान, मुलांचं शिक्षण. बहुतेक वेळा कारण खरंच असतं. पण कधी कधी शेळी काही दारात येत नाही. पैसे थेट सावकाराकडे जातात, नाहीतर फायनान्सच्या थकलेल्या हप्त्याला जातात. गटात सगळ्यांना ते माहीत असतं, पण कुणी बोलत नाही. ज्या ताईंनी कर्ज घेतलं त्या तर अजिबातच बोलत नाहीत. "लोक काय म्हणतील" याची भीती असते, आणि "असल्या कामाला गट कर्ज देत नाही" असाही समज असतो.

हा समज चुकीचा आहे. बचत गटांना बँकेनं कर्ज कसं द्यावं याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सदस्यांनी कर्ज कशाकशासाठी वापरावं हे त्यात लिहिलं आहे, आणि जास्त व्याजाचं जुनं कर्ज फेडून त्या जागी कमी व्याजाचं कर्ज घेणं हे कारण त्यात स्पष्ट दिलं आहे. म्हणजे "सावकाराचं कर्ज फेडायचंय" हे गटाच्या आराखड्यात, आपण ज्याला एमसीपी म्हणतो त्यात, उजळ माथ्यानं लिहिता येतं. त्यासाठी शेळीचं नाव पुढे करायची गरज नाही.

खरं कारण लिहिण्याचा मोठा फायदा असा की मग गट तुमच्यासोबत बसून हिशोब करू शकतो. कारण कर्जाची बदली नेहमीच फायद्याची ठरते असं नाही.

शेकडा ३ म्हणजे नक्की किती?

सावकार "शेकडा ३" म्हणतो तेव्हा आकडा लहान वाटतो. पण ते महिन्याचं व्याज असतं. वर्षाचे होतात ३६ टक्के.

समजा, एका ताईंनी ३०,००० रुपये शेकडा ३ ने घेतले आणि दर महिन्याला फक्त व्याज देतात. महिन्याला ९०० रुपये. २० महिन्यांत १८,००० रुपये दिले, तरी मुद्दल ३०,००० जिथल्या तिथे.

आता हेच ३०,००० गटाकडून महिना १ टक्का व्याजानं घेतले आणि २० महिन्यांत फेडायचं ठरवलं तर? दर महिन्याला मुद्दल १,५०० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ३०० रुपये, आणि मुद्दल कमी होत जाईल तसं व्याजही कमी होत जाईल. पहिला हप्ता १,८०० चा, शेवटचा १,५१५ चा. एकूण व्याज ३,१५० रुपये. विसाव्या महिन्यात कर्ज संपलं. गटाचं व्याज महिना २ टक्के असेल तर एकूण व्याज ६,३०० होईल. तेही सावकाराच्या १८,००० पेक्षा कितीतरी कमी. आणि अंतर्गत कर्ज असेल तर ते व्याज गटातच राहतं, म्हणजे तुमच्याच पैशात भर पडते.

पण एक गोष्ट नीट बघा. सावकाराला महिन्याला ९०० जात होते, गटाला पहिल्या महिन्यात १,८०० द्यावे लागतील. कर्ज स्वस्त झालं, पण हप्ता दुप्पट झाला. कारण आता मुद्दलही फिटतंय. तो हप्ता झेपेल का, हे सही करण्याआधी घरात बसून ठरवायला हवं. झेपत नसेल तर मुदत वाढवून मागा. ४० महिने घेतले तर पहिला हप्ता १,०५० रुपये येतो आणि एकूण व्याज ६,१५० होतं. हप्ता हलका झाला, पण व्याज जवळपास दुप्पट झालं. म्हणून मुदत झेपेल तेवढीच लांब ठेवा, उगाच नको. सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे हातात आले की एखादा जादा हप्ता भरायचा, असंही गटाशी आधीच बोलून ठेवा.

फायनान्सचं कर्ज: "१२ टक्के" कुठले १२ टक्के?

व्याज दोन प्रकारे लावलं जातं. एक, सरळ म्हणजे फ्लॅट. यात पहिल्या दिवशी जेवढी रक्कम घेतली, तिच्यावरच शेवटपर्यंत व्याज लागतं. दुसरं, घटत्या शिल्लकेवर. यात जेवढं मुद्दल बाकी, तेवढ्यावरच व्याज.

१२,००० रुपये एका वर्षासाठी १२ टक्के फ्लॅटनं घेतले तर व्याज १,४४० रुपये. तेच घटत्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला १,००० मुद्दल फेडताना व्याज होतं ७८० रुपये. आकडा दोन्हीकडे १२ च आहे, पण फ्लॅटचे १२ टक्के घटत्या हिशोबात २१-२२ टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून कुणी नुसता टक्का सांगितला की लगेच विचारा, "फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर?"

मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले. ते प्रत्येक ताईला माहीत हवेत:

• कर्ज देताना कंपनीनं माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचं खरं व्याज किती पडतं ते लिहिलेलं असतं. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं.
• मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही.
• उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही.
• घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत.
• वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ तर नाहीच नाही.

यातला दुसरा नियम आपल्या कामाचा आहे. मुदतीआधी फेडायला दंड नाही, म्हणजे बदली करायला वाट मोकळी आहे.

बदली कधी फायद्याची, कधी नाही

समजा, फायनान्सच्या कर्जाचं ३२,००० मुद्दल बाकी आहे, १६ हप्ते राहिलेत आणि व्याज घटत्या शिल्लकेवर वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला २ टक्के आहे. दर महिन्याला २,००० मुद्दल फिटतं असं धरलं, तर अजून साधारण ५,४४० रुपये व्याज जाईल. गटाकडून १ टक्क्यानं घेऊन ते फेडलं तर १६ महिन्यांत २,७२० रुपये व्याज होईल. नव्या कर्जाचा कागदपत्रांचा खर्च ५०० धरला, तरी २,२२० रुपये वाचतात.

आता दुसरी बाजू. त्याच कर्जाचे फक्त ४ हप्ते राहिलेत, ८,००० मुद्दल बाकी आहे. पुढचं व्याज उरलंय साधारण ४०० रुपये. गटाकडून घेतलं तर व्याज २०० रुपये, पण कागदपत्रांचा खर्च २५० आला तर झाले ४५०. म्हणजे ५० रुपये नुकसान, वर धावपळ वेगळी. शेवटच्या हप्त्यांवर आलेलं कर्ज तसंच संपू द्यावं.

थोडक्यात, जुन्या कर्जाचं राहिलेलं व्याज एका बाजूला मांडा. नव्या कर्जाचं व्याज आणि सगळे खर्च दुसऱ्या बाजूला मांडा. दुसरी बाजू कमी असेल तरच बदली करा. आजवर किती व्याज दिलं ते या हिशोबात धरायचं नाही. ते गेलं.

शहरातल्या पोरांना हे सांगा

आपली कितीतरी मुलं-मुली पुण्या-मुंबईला कामाला आहेत. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड असतं. कार्डाचं बिल पूर्ण भरलं तर व्याज नाही. पण "किमान रक्कम" भरून बाकी पुढे ढकलली, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला ३ ते पावणेचार टक्के व्याज लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हाही सावकाराचाच दर, फक्त प्लास्टिकच्या कार्डावर.

अशा वेळी दुसरी बँक म्हणते, "तुमची बाकी आमच्या कार्डावर आणा, काही महिने व्याज कमी घेऊ." याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. तत्त्व आपलंच: महागडं फेडून स्वस्त घेणं. पण यात तीन गोष्टी विचारायच्या असतात. बदलीची फी किती? कमी व्याज किती महिने? आणि त्यानंतर व्याज किती? त्या महिन्यांत बाकी फिटली नाही तर पुन्हा नेहमीचं महागडं व्याज चालू होतं. बाकी असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली तर त्या खरेदीवरही बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि जुनं कार्ड मोकळं झालं म्हणून पुन्हा वापरायला घेतलं, तर एकाची दोन कर्जं होतात.

हीच चूक गावातही होते

कर्ज बदली फसते ती बहुतेक वेळा इथेच. नवं कर्ज मिळतं, निम्मे पैसे जुन्या कर्जाला जातात, निम्मे लग्नाला किंवा दवाखान्याला लागतात. जुनं कर्ज अर्धवट राहतं, नवं अंगावर बसतं. आधी एक हप्ता होता, आता दोन. म्हणून गटानं काही गोष्टी ठरवून घ्याव्यात:

१. ज्या ताईंना बदली हवी, त्यांनी सगळी कर्जं सांगायची. कुणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ते किती राहिले. बैठकीत सर्वांसमोर बोलणं जड जात असेल तर अध्यक्ष, सचिव आणि सीआरपी ताईंसोबत वेगळं बसा. ऐकणाऱ्यांनी ती गोष्ट पाणवठ्यावर न्यायची नाही.

२. सर्वांत महागडं कर्ज आधी. गटाला बँकेचं कर्ज २ लाखांच्या वर असेल तर त्यातली किमान निम्मी रक्कम कमाईच्या कामाला लागायला हवी, असंही त्या सूचनांत आहे. त्यामुळे सगळ्यांची सगळी कर्जं एकदम फिटणार नाहीत, नंबर लावावा लागेल.

३. पैसे हातात न देता शक्यतो थेट जुन्या कर्जाच्या खात्यात भरा. सावकाराला रोख द्यायचे असतील तर गटातल्या दोघी सोबत जा आणि लेखी पावती घ्या.

४. कागद परत घ्या. कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, चिठ्ठी, दागिने, जे काही दिलं असेल ते. फायनान्स कंपनीकडून कर्ज संपल्याचा दाखला घ्या. कागद तिकडेच राहिला तर कर्ज फिटूनही फिटत नाही.

५. नवं कर्ज संपेपर्यंत दुसरीकडून कर्ज घ्यायचं नाही. घरात नड आलीच तर आधी गटात सांगायचं.

सावकार ऐकत नसेल तर

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ सालचा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना असला तरी व्याजाला मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. शेकडा ३, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, यात कुठेच बसत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यात, म्हणजे सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. एकट्या जाऊ नका. ग्रामसंघाचा ठराव आणि चार मैत्रिणी सोबत असल्या की बोलायला बळ येतं.

तायांनो, कर्ज असणं ही लाज नाही. दवाखाना, पेरणी, लेकीचं बाळंतपण यासाठीच ते झालेलं असतं. पण ते लपवलं की त्याचं व्याज कुणी मोजत नाही, आणि न मोजलेलं व्याजच घर खातं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीनं कागदावर चार रकाने आखायचे: कुणाचं कर्ज, बाकी किती, महिन्याचं व्याज किती, हप्ते किती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारच्या ताईंनी मदत करायची. जिथे महिन्याचं व्याज शेकडा २ च्या वर दिसेल तिथे लाल खूण करा. लाल खुणेच्या कर्जांचा हिशोब वरच्या पद्धतीनं मांडा आणि बदली परवडत असेल ती नावं पुढच्या एमसीपीत खऱ्या कारणासह घाला. हिशोब अडला तर तुमच्या सीआरपी ताईंना किंवा मला बोलवा, आपण सोबत बसून करू.