तारखेचा दिवस

सकाळी ६

कलबुर्गी जिल्ह्यातल्या निंबर्ग्यात वकिलाच्या ओसरीवर माणसं चहाच्या आधी येतात. आजचं भांडण दोघा भावांच्या बांधाचं. तुरीच्या रानातला बांध थोरल्यानं नांगरताना दीड हात आत घेतला, बोलाबोलीवरून काठ्या निघाल्या आणि धाकट्याच्या कपाळावर टाके पडले. "साहेब, ठाण्यात कागद देऊ का?" तो विचारतो. मी हो म्हणायच्या आत त्याची आई बोलते, "कागद दिलास तर पोरीच्या मांडवात चुलता उभा राहील का रे?" मी कलम समजावतो, दवाखान्याचा कागद जपून ठेवायला सांगतो. विचार करून सांगतो म्हणून दोघं उठतात. बाईचा हिशेब अडाणी नाही. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, लग्न येत्या वैशाखात आहे.

सकाळी ८

आळंदची बस. कोर्टाच्या वेळेला सोयीची गाडी हीच, त्यामुळे साक्षीदार आणि आरोपी दोघंही हिच्यातच. एका मारहाणीच्या खटल्यात मी फिर्यादीकडून सरकारी वकिलांच्या मदतीला आहे. त्यातला पंच खिडकीशी बसलाय, आज त्याची साक्ष. आरोपीच्या चुलत्यानं कंडक्टरला दोन तिकिटांचे पैसे दिले, त्यातलं एक पंचाचं. पंच नको म्हणाला नाही. कसा म्हणेल? पुण्याला कामाला जाताना उचल त्याच घरातून घेतलेली, उन्हाळ्यात प्यायचं पाणीही त्यांच्याच बोअरचं. धमकी कुणी दिलेली नाही. दिली असती तर मला निदान अर्ज तरी करता आला असता.

सकाळी ११

पुकारा झाला. पंच पिंजऱ्यात उभा राहतो. "सही माझी आहे. काठी जप्त केली तेव्हा मी तिथं नव्हतो." सरकारी वकील पंचनामा ओळ न् ओळ वाचून विचारतात. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत प्रत्येक ओळीला नाही म्हणतो. साक्षीदार फितूर. चार वर्षांपूर्वीची घटना दहा मिनिटांत निकालात निघाली.

पोलिसांनी जबाब घेतला म्हणजे पुरावा झाला, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पंचनाम्यावर असते तशी सही तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची घेत नाहीत, आणि कोर्टात तो मुख्यतः साक्षीदार आपलंच बोलणं फिरवतोय एवढं दाखवायला वापरता येतो. आरोपीच्या रक्षणासाठी हा नियम आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण त्यामुळे सगळी भिस्त पिंजऱ्यातल्या माणसाच्या तोंडावर येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 नं प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं. हे व्हायलाच हवं होतं. मात्र 2018 च्या योजनेत जीव, अब्रू, मालमत्ता, छळ असे धोके मोजले आहेत. बोअरचं पाणी तुटेल, पुढच्या साली उचल मिळणार नाही, ही भीती कुठल्या रकान्यात लिहायची?

दुपारी २

दुसऱ्या एका खटल्यात आरोपीला जामीन मंजूर, माणूस अजून आतच. जामीनदाराला शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा लागतो, आणि नावावर जमीन असलेला एकही नातेवाईक याला नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळजवळ तीन कैदी असेच, अजून दोषी न ठरलेले. खटले निकाली काढायला न्यायाधीशच कमी. 1987 मध्ये विधी आयोगानं दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं म्हटलं होतं. आजही आपण त्याच्या निम्म्याला पोचलेलो नाही.

दुपारी ४

एका ठाण्यात कागदांसाठी गेलो तर तपासाचे हवालदार गाणगापूरच्या बंदोबस्ताला गेलेले, पौर्णिमा आहे. त्यांचा काय दोष? तपासाची माणसं आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंग खटल्यात 2006 सालीच सांगितलं. खेड्यातल्या ठाण्यात आजही तोच माणूस सकाळी पंचनामा करतो आणि दुपारी जत्रेत शिट्टी वाजवतो.

त्यात आमचा भाग कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवरचा. पलीकडे महाराष्ट्रातलं अक्कलकोट, उमरगा. 2022 च्या सप्टेंबरात कलबुर्गीचे सर्कल इन्स्पेक्टर श्रीमंत इल्लाळ गांजाच्या तपासाला उमरगा भागात गेले, तिथं टोळीनं त्यांना इतकं मारलं की विमानानं बेंगळुरूला हलवावं लागलं. 2023 च्या जूनमध्ये जेवर्गी तालुक्यात वाळूचा ट्रॅक्टर अडवणारा हेड कॉन्स्टेबल त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून गेला. कुणाचा ट्रॅक्टर रात्री नदीला जातो हे गावाला ठाऊक असतं. ते ठाण्यात सांगणाऱ्याला उद्या सकाळी उठायचं असतं त्याच गावात. पोलीस कितीही वाढवले तरी हा माणूस बोलल्याशिवाय त्यांच्या हाती काही लागत नाही, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत चाललंय.

रात्री ८

सकाळचे भाऊ देवळाच्या कट्ट्यावर मिटवून आले. चार जाणत्यांनी दोरी धरून बांध मोजला, दवाखान्याचा खर्च थोरल्यावर घातला. मला आनंद झाला. दोघं तोलामोलाचे होते, म्हणून ते न्यायानं मिटलं. सालगड्याला मालकानं मारलं किंवा सुनेला सासरी जाच झाला, तेव्हाही हाच कट्टा "मिटवा" म्हणतो. आणि मिटतं ते दुबळ्याच्या पदरात काही न पडता. कोर्टाची, ठाण्याची खरी गरज त्याला आहे, आणि तिथवर पोचणं सगळ्यात अवघडही त्यालाच.

योजना, कलमं, नेमणुका सरकारनं कराव्यात, त्यासाठी आपण मागे लागूच. पण तुमच्या गल्लीतल्या कुणाला साक्षीचं समन्स आलं, तर त्या दिवशी आपलं काम बाजूला ठेवून त्याच्यासोबत बसमध्ये बसा. त्याचं तिकीट तुम्ही काढा.