पक्षिनिरीक्षकाची वही

भोपाळात राहणाऱ्या माणसाला पक्षी पाहावयास दूर जावे लागत नाही. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला असे परंपरा सांगते, तो मोठा तलाव शहराच्या उंबरठ्याशीच पसरलेला आहे. येथे त्याला सारे ‘बडा तालाब’ म्हणतात. मार्गशीर्ष लागला की वनविहाराच्या कडेने जाताना नुसत्या डोळ्यांनीही पाण्यावर काळे ठिपके दिसू लागतात. दुर्बीण लावली की त्या ठिपक्यांची बदके होतात, आणि पुस्तक उघडले की त्या बदकांना नावे मिळतात. आम्ही अनेक वर्षे फावल्या वेळी हा उद्योग करीत आलो आहो. आमचा व्यवसाय भाषा शिकविण्याचा. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव आम्ही आणीत नाही. हौशी माणसाने पाहिलेल्या गोष्टीला किंमत केव्हा येते आणि केव्हा येत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि त्याचा आरंभ आमच्याच एका फजितीपासून करणे बरे.

संस्कृत काव्यातील चक्रवाकाचे नाव वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेले असते. रात्री एकमेकांपासून ताटातूट होणारे हे जोडपे कवींना फार प्रिय. प्रत्यक्षात चक्रवाक म्हणजे नारिंगी-तपकिरी रंगाचे, फिकट डोक्याचे एक देखणे मोठे बदक. हा धडा आला की आम्ही हमखास एक आठवण सांगत असू: एका श्रावणात, पावसाची सर ओसरल्यावर, तलावाच्या चिखलात आम्ही चक्रवाकाची जोडी पाहिली, वर इंद्रधनुष्य होते. ही आठवण सांगताना आम्हांला स्वतःलाच मोठे बरे वाटे.

एका वर्षी नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत की चक्रवाक हिवाळ्यातला पाहुणा आहे. मग तो श्रावणात कसा आला?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. घरी जाऊन जुनी वही काढली. श्रावणातील त्या दिवसाचे पान सापडले. पाऊस होता, इंद्रधनुष्य होते, चपला चिखलात रुतल्याची तक्रारही होती. पक्षी मात्र चार गायबगळे. चक्रवाकाची जोडी त्याच वहीत, त्याच काठावर, पण माघातील एका कोरड्या सकाळी नोंदलेली होती. पाऊस एका पानावरचा आणि पक्षी दुसऱ्या पानावरचा. मनाने दोन्ही पाने एकत्र शिवून टाकली होती. श्रावणात चक्रवाक लडाख-तिबेटाकडील उंचावरच्या सरोवरांकाठी आपली पिले वाढवीत असतात. आम्ही खोटे बोललो नव्हतो. तरी जे सांगितले ते खरे नव्हते.

आमच्या चुकीने कोणाचे फारसे बिघडले नाही. पण खोट्या नोंदीने केवढा घोळ होऊ शकतो, हे पाहावयाचे तर रानपिंगळ्याची हकिकत ऐकावी. साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे: जुन्या झाडांच्या ढोलीत आणि पडक्या भिंतींच्या भोकांत राहणारे, डोक्यावर पांढरे ठिपके असलेले ते लहानसे घुबड. रानपिंगळा दिसावयास त्याच्यासारखाच. परंतु त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, चोच व पंजे अधिक दणकट असतात, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८७२ साली आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात ब्ल्यूइट नावाच्या गृहस्थाला तो मिळाला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूम याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तो हाच ह्यूम. तो सरकारी अधिकारी होता. पक्षी हा त्याचा छंद. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्या अधिकाऱ्याने काही रानपिंगळे मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू पृथ्वीच्या पोटात गडप झाला.

गडप झाला म्हणावे, तर एक नमुना आड येत होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर ‘मांडवी, १९१४’ असे लिहिलेले होते. मांडवी म्हणजे गुजरातेत तापीकाठी. एवढ्या नामांकित माणसाची चिठ्ठी. तिच्यावर कोणी अविश्वास का दाखवावा? शोध घेणाऱ्यांना ती नोंद कित्येक दशके खरीच वाटत राहिली. अखेर अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उलगडा झाला. पेंढा भरण्याची प्रत्येक संग्राहकाची काही खास रीत असते. या नमुन्यावर पुन्हा हात फिरविलेला असला, तरी मूळची रीत डेव्हिडसनची होती. म्हणजे पक्षी डेव्हिडसनचा, तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, आणि चिठ्ठी बनावट. माइनर्ट्‌झहागेन १९६७ साली वारला होता. जाब विचारावयास कोणी उरले नव्हते. त्याच्या संग्रहातील इतर अनेक नमुन्यांवरील चिठ्ठ्याही खोट्या निघाल्या.

ती चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरल्या त्या फक्त जुन्या, प्रामाणिक नोंदी. त्यांचे बोट धरून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी भारतात आले. पूर्वेकडील जागी काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आढळला, आणि आपल्या मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरच्या जंगलांतही. डेव्हिडसनने जागा नीट लिहून ठेवली नसती, तर शहाद्याला कोण कशाला गेले असते?

पक्षी किंवा वनस्पती पाहण्याचा छंद हा साहेबलोकांचाच, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ जणांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे वनस्पतींचे जाणकार. दोघांचाही व्यवसाय वैद्यकाचा. याच संस्थेच्या नियतकालिकात १९३९-४० मध्ये सलीम अली आणि ह्यू व्हिस्लर यांनी मध्य भारतातील पक्ष्यांविषयी लिहिले. सलीम अलींपाशीही विद्यापीठाची पदवी नव्हती.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडात जाण्याचा योग आला, तेव्हा वही बरोबर होतीच. लंडनच्या सेंट जेम्स बागेतील तळ्यावर पोहोचलो, तो समोर वारकरी! काळे अंग आणि कपाळावर पांढरे गंध, म्हणून या पक्ष्याला आपल्याकडे किती समर्पक नाव पडले आहे. भोपाळच्या तलावावर हिवाळ्यात दिसणारी आणि ती, एकच जात. परक्या मुलुखात गावचे माणूस भेटावे तसे वाटले. मात्र आमच्या येथले वारकरी माणसाची चाहूल लागताच पाण्यावरून धावत दूर जातात. तेथले पायांशी येऊन पावाचे तुकडे मागत होते. जात एक, पण वागणूक दोन ठिकाणी निराळी. हे लिहून ठेवण्यासारखे होते व आम्ही ते लिहिले.

त्याच रात्री घरामागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यापाशी तांबूस अंगाचे, झुबकेदार शेपटीचे एक जनावर दिसले. आम्ही वहीत ‘कोल्हा’ असे लिहून मोकळे झालो. भोपाळास परतल्यावर ही चूक ध्यानात आली. रात्री शहराबाहेर ज्यांची कुई ऐकू येते ते कोल्हे. इंग्लंडातील ते जनावर खोकडाच्या कुळातले. शालेय पुस्तकांतील इंग्रजी गोष्टींच्या भाषांतरांत खोकडाचा सर्रास कोल्हा होतो, आणि भाषेच्या शिक्षकालाही ती सवय सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे.

वहीत काय लिहावे, असे विद्यार्थी विचारतात. तारीख, वेळ, जागा, पक्षी किती होते, काय करीत होते. जागा म्हणजे ‘भोपाळ’ नव्हे. तलावाचा कोणता काठ, हे हवे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. नाव ठाऊक नसेल, तर रंग, चोच, पाय आणि आवाज यांचे वर्णन करावे; अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. घरी जाऊन लिहू म्हणू नये. घरी पोहोचेपर्यंत चार बगळ्यांचे सहा होतात. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा फोन आहे, तरी एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता चित्राची जागा आणि तारीख गळून पडते. मग कोठला तरी वाघ कोठल्याही गावाच्या वेशीवर आणून सोडता येतो.

अशा साध्या नोंदी एकत्र आल्या की त्यांचे काय होते, याचे उदाहरण आशियाई पाणपक्षी गणनेत पाहावयास मिळते. १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांतील हौशी मंडळी आपापल्या पाणथळीवरचे पक्षी मोजतात. आपला तलाव २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला आहे. कोणत्या पाणथळीवर पक्षी वाढले आणि कोठे ओसरले, हे असे वर्षानुवर्षे मोजल्यावाचून कळत नाही.

श्रावणातील त्या पानाखाली आम्ही तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे: ‘चक्रवाक नव्हते. चार गायबगळे.’ प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेही पुढे स्वतःची वही घातली. तिच्या पहिल्या पानावर तारीख आहे, पहाटेची वेळ आहे, आणि खाली लिहिले आहे: ‘चिमणीहून मोठा, पाठ तपकिरी, पोट पांढरे, काठाच्या दगडांवरून धावत होता. उडताना बारीक शीळ घातली. नाव माहीत नाही.’ एवढ्यावरून दोन-तीन पक्षी संभवतात. त्यांतला नेमका कोणता, हे आम्हांलाही अजून ठरविता आलेले नाही.