नांदायला जायची तारीख

स्थळांच्या बायोडाटात ‘नोकरी’ या रकान्यात कंपनीचं नाव लिहून झालं की स्वल्पविराम देऊन पुढे तीन शब्द येतात: ग्रीन कार्ड होल्डर. मुलाच्या आईने ते ठसठशीत लिहिलेले असतात आणि मुलीचे वडील तिथे क्षणभर थांबतात. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा म्हणजे भाड्याचं घर आणि ग्रीन कार्ड म्हणजे स्वतःचा फ्लॅट, असा आपल्याकडचा सरळ हिशेब. मुलापुरता तो बरोबर आहे. त्याच्याशी लग्न करून अमेरिकेत जाणाऱ्या मुलीपुरता मात्र तो उलटा पडतो.

एच-१बीवर काम करणाऱ्याची बायको एच-४ व्हिसावर जाते आणि त्या व्हिसाला वार्षिक कोट्याचं बंधन नाही. अमेरिकन नागरिकाच्या बायकोलाही कोटा नाही. तिला कायदा ‘निकटचे नातेवाईक’ या वर्गात बसवतो. तिला कागदपत्रांचा वेळ लागतो, पण नंबर लागायची वाट पाहावी लागत नाही. रांग आहे ती या दोघींच्या मधलीला, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला. तिच्या वर्गाचं नाव एफ-२-ए. पाहुणा बायकोला बरोबर नेऊ शकतो, घरमालकही नेऊ शकतो. कायमच्या भाडेकरूने मात्र अर्ज करून थांबायचं.

हे असं का, याचं उत्तर १९६५ च्या स्थलांतर कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केलेल्या या कायद्याने देशवार जुने कोटे मोडले आणि नात्यांची उतरंड लावली. नागरिकाचे आईवडील, जोडीदार आणि लहान मुलं मर्यादेबाहेर राहिली. कायम रहिवाशाची, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याची, बायको मात्र मर्यादेच्या आत, दुसऱ्या पसंतीत गेली. या दुसऱ्या पसंतीला आज वर्षाकाठी १,१४,२०० व्हिसा आहेत आणि त्यातले ७७ टक्के जोडीदार व एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी. म्हणजे साधारण ८८ हजार, तेही साऱ्या जगाला मिळून.

आकडा मोठा वाटतो, पण रांगेत कोण उभं आहे तेही पाहायला हवं. १९८६ मध्ये रेगन सरकारने बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर रहिवासाची वाट मोकळी केली. त्यांना ग्रीन कार्डं मिळाली आणि त्यांनी गावाकडच्या बायकामुलांसाठी अर्ज केले. रांग वर्षानुवर्षं लांबत गेली. शेवटी डिसेंबर २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसने तोडगा म्हणून ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला. २१ डिसेंबर २००० पर्यंत ज्यांचा अर्ज दाखल झाला आणि जे तीन वर्षं ताटकळले, त्यांनी पुढची वाट अमेरिकेत येऊन पाहावी, अशी ती सोय होती. त्या तारखेनंतरच्या अर्जांना ती नाही आणि पुन्हा तशी सोय झालेली नाही. शेजारच्या कॅनडात कायम रहिवाशाच्या बायकोला असा कोटा नाही. नवऱ्याने तिकडे राहत असावं एवढीच मुख्य अट. तेव्हा ‘परदेशात असंच असतं’ असं म्हणून हे सोडून देता येत नाही.

आता घरात येऊ. समजा, मुलगी सांगलीची, बँकेत नोकरीला. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, कंपनीमार्फत ग्रीन कार्डासाठी रांगेत. भारतीयांसाठी नोकरीची ती रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते, त्यामुळे असा मुलगा भेटणं मुळीच दुर्मीळ नाही. या लग्नाचं सगळं भवितव्य दोन तारखांवर लटकलेलं आहे: लग्न आधी की कार्ड आधी?

लग्न आधी झालं, मग भले कार्ड पंधरा दिवसांनी हातात पडो, तर बायको नवऱ्याच्या मूळ अर्जातच मोजली जाते. नवऱ्याची प्राधान्य-तारीख, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, तीच तिची तारीख. कायद्याच्या भाषेत ती ‘मागाहून येऊन मिळणारी’. आय-८२४ नावाचा अर्ज होतो आणि तिला एफ-२-एच्या रांगेकडे फिरकावंही लागत नाही. तेच कार्ड आधी आलं आणि लग्न पंधरा दिवसांनी झालं, की आय-१३० हा नातेवाईकासाठीचा अर्ज भरून रांगेच्या शेवटी. मुलगा तोच, मुलगी तीच, मांडवही तोच. नांदायला जायचं मात्र वर्षांनी लांबतं. म्हणून बायोडाटा वाचताना ‘कार्ड आहे का?’ यापेक्षा ‘कार्ड कधी मिळालं? की मिळायचंय?’ हे विचारणं जास्त शहाणपणाचं.

इथे आपल्या लोकांचं डोकं लगेच चालतं: मग आत्ताच रजिस्टर करून टाकू, कार्य डिसेंबरात करू. करू नये असं नाही, पण कसं करता यावर सगळं अवलंबून आहे. विशेष विवाह कायद्याखाली रीतसर नोंदणी विवाह करायचा तर दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवसांचा रहिवास हवा, नोटीस लावावी लागते आणि पुढे तीस दिवस थांबावं लागतं. मुलाची सुट्टी तीन आठवड्यांची. म्हणून मग काही जण लग्नविधी न करताच हिंदू विवाहाचं प्रमाणपत्र मिळवतात. सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने २०२४ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही, असं त्यांनी सांगितलंच. शिवाय परदेशाच्या व्हिसासाठी अशा नोंदण्या आधी उरकल्या जातात, याचाही निकालात उल्लेख केला. तेव्हा घाई असेल तर घरच्या घरी, चार माणसांत, पण सप्तपदीसकट लग्न लावावं आणि मग नोंदवावं. हॉल, जेवणावळ, डीजे पुढे कधीही.

याच्या बरोबर उलटाही एक सापळा आहे. आईवडिलांपैकी कुणी ग्रीन कार्डवर असेल आणि त्यांनी एकवीस वर्षांवरच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज केलेला असेल, तर त्या अर्जाची अटच ‘अविवाहित’ अशी असते. मधे लग्न केलं की अर्ज संपला, कारण कायम रहिवाशाच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. मग लग्नं पुढे ढकलली जातात किंवा गुपचूप लावून लपवली जातात. हे लपवणं पुढे फार महागात पडतं.

रांगेत उभं राहिल्यावर हातात उरतं ते व्हिसा बुलेटिन. अमेरिकेचं परराष्ट्र खातं ते दर महिन्याला काढतं. त्यातल्या कोष्टकात आपल्या वर्गासमोर एक तारीख असते. आपला अर्ज त्या तारखेआधीचा असेल तर नंबर लागला. रांगच नसेल तर तारखेच्या जागी ‘सी’ हे एकच अक्षर, म्हणजे ‘करंट’. एफ-२-एसमोर जुलै २०१९ पासून जवळपास पावणेचार वर्षं हे ‘सी’ होतं. त्या काळात ग्रीन कार्डवाल्याशी लग्न करणं आणि नागरिकाशी करणं यात फारसा फरक राहिला नव्हता आणि लोकांनी तसं धरून लग्नंही ठरवली. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनात अचानक ‘सी’च्या जागी ८ सप्टेंबर २०२० अशी तारीख आली. आदल्या महिन्यात अर्ज केलेल्या मुलीच्या पुढे एका रात्रीत अडीच वर्षांची रांग उभी राहिली. त्याआधी कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ट्रम्प यांच्या घोषणेने परदेशातल्या बहुतेक नव्या स्थलांतरितांचा प्रवेश थांबवला, त्यातही नागरिकांच्या जोडीदारांना सूट होती आणि कायम रहिवाशांच्या जोडीदारांना नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी ती घोषणा मागे घेतली. म्हणजे मधे दहा महिने कोष्टकात ‘सी’ आणि दार बंद.

या मधल्या काळात मुलीने काय करायचं? ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये महिनाभर,’ असं नात्यातलं कुणीतरी सुचवतंच. पण पर्यटक व्हिसासाठी परत येण्याचा इरादा पटवावा लागतो आणि तिच्या नावावर तर कायम राहायला जाण्याचा अर्ज आधीच दाखल आहे. नकार हीच शक्यता जास्त. बरं, नवऱ्याने इथे येऊन राहावं तर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग रहिवासावर प्रश्न येतो आणि वर्षावर गेलं तर खुद्द कार्डच धोक्यात. मग तो डिसेंबरात तीन आठवडे आणि जमलं तर गणपतीत दहा दिवस येतो.

सुटकेची एक वाट त्याच्याच हातात असते. कार्डाला पाच वर्षं झाली की तो नागरिकत्व मागू शकतो. अर्ज नव्वद दिवस आधीही करता येतो. त्याने शपथ घेतली की बायकोचा तोच अर्ज रांगेतून उचलून कोट्याबाहेरच्या वर्गात जातो, नवा भरावा लागत नाही. मात्र एखादं भारतात जन्मलेलं मूल असेल तर जपून. एफ-२-एमध्ये ते आईच्या अर्जातच मोजलं जातं. नागरिकाच्या बायकोच्या वर्गात तसं मोजलं जात नाही, त्याचा वेगळा अर्ज लागतो. पेढे वाटण्याच्या नादात हे राहून जातं आणि आईचा व्हिसा तयार, बाळाचा नाही, अशी पाळी येते.

आता फाइल. आपल्याकडच्या फाइलीचा पहिला तंटा जन्मदाखल्यावर होतो. जन्माची नोंद इस्पितळातून गेली तेव्हा बारसं झालेलंच नव्हतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर आईवडिलांची नावं आहेत, लिंग ‘स्त्री’ आहे आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. तिशीच्या बाईला मग नगरपालिकेत जाऊन स्वतःचं नाव स्वतःच्या जन्माला चिकटवावं लागतं. दुसरा तंटा मधल्या नावाचा. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलणं अमेरिकेला कळतं. वडिलांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं नाव येतं, हे कळत नाही. दाखला, पदवी, पॅन, पासपोर्ट अशा चार कागदांवर तीन नावं, आणि ही सगळी मी एकच, असं सांगणारं प्रतिज्ञापत्र त्यावर. लग्नाच्या दाखल्यासाठी १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखालचा अर्ज भरायचा, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. ते गुरुजी नेमके सीझनमध्ये दिवसाला तीन मुहूर्त गाठत असतात.

लग्न खरं आहे याचा पुरावा देणं हा भाग मात्र आपल्याला सोपा जावा, असं मला वाटतं. अधिकाऱ्याला शंका येते ती ‘तीनदा भेटलो आणि ठरवलं’ या वाक्याची. पण त्याच फाइलीत साखरपुडा, हळद, रुखवत आणि स्टेजवर पाकीट देऊन कॅमेऱ्याकडे बघत रांगेने उभे असलेले साडेतीनशे नातेवाईक असतात. एवढी माणसं कुणी नाटकासाठी जमवत नाही. खरी अडचण त्यानंतरच्या दोन वर्षांची. अल्बम संपतो आणि पुढे पुरावा म्हणून राहतात व्हिडिओ कॉलच्या नोंदी, विमानाची तिकिटं आणि रोजचा ‘जेवलास का?’. खोटं लग्न ठरलं तर १९८६ च्या विवाह-फसवणूक कायद्यामुळे अधिक कडक झालेली यंत्रणा आहेच. असा ठपका एकदा बसला की पुढे कुणीही तिच्यासाठी अर्ज केला तरी तो मंजूर होत नाही.

पैशाचं कलम छोटं आहे, पण वाचून सही करावी असं. आय-८६४ म्हणजे जामीनपत्र. नवऱ्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं. २०२५ च्या दराने दोघांच्या घराला २६,४३७ डॉलर. नुकती नोकरी गेली असेल तर एडिसनमधले काका जामीन राहतात आणि आपण सही करतोय ती उपचारापुरती, अशा समजुतीत असतात. हा जामीन ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत चालतो. मधे घटस्फोट झाला तरी सुटत नाही. काकांचं लग्नाशी नातं संपतं, कागदाशी नाही.

शेवटची पायरी मुंबईत. जुन्या पिढीला अमेरिकेचा वाणिज्य दूतावास म्हटलं की ब्रीच कँडीचं लिंकन हाउस आठवतं. २०११ पासून तो वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथे मुलाखत होते, आधी ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणी, पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस प्रमाणपत्र. सांगलीची आपली मुलगी रात्रीच्या गाडीने येते, बहिणीकडे आंघोळ करून फाइल घेऊन निघते. प्रश्न साधे असतात: कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय करतो.

व्हिसा मिळाला की आपली मुलगी पुन्हा कॅलेंडर काढते, कारण तारखांचा खेळ अजून संपलेला नाही. अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर तिला मिळतं दोन वर्षांचं सशर्त कार्ड. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा अर्ज आणि लग्न टिकल्याचा पुन्हा पुरावा. दोन वर्षं उलटून गेली असतील तर सरळ दहा वर्षांचं. व्हिसा सहसा सहा महिने चालतो. तिच्या लग्नाला दोन वर्षं व्हायला एकोणीस दिवस कमी आहेत. एडिसनहून रोज फोन येतो की तिकीट कधीचं काढू. ती सांगते, वाढदिवस इथेच करू, आईच्या हातच्या पुरणपोळीवर. तू फोनवर जेव. दुसऱ्या दिवशीचं विमान बघ.