भाताचा पेंढा आणि जमिनीची शिल्लक

भाताचें उत्पन्न कां घटतें, याचा विचार निघाला म्हणजे पावसाची ओढ, मजुरांची टंचाई व बियाण्याचा दोष हीं तीन कारणें बहुधा पुढें करण्यांत येतात. तीं खोटीं नाहींत. परंतु ज्या जमिनींतून आपण दरसाल भात काढतों, तिच्यांतून काय बाहेर गेलें व तिला परत काय मिळालें, याचा हिशेब ठेवणारे शेतकरी फार थोडे. प्रस्तुत लेखांत कोंकणच्या भातशेतीपुरता हा हिशेब मांडण्याचा आमचा विचार आहे.

महसूल खात्याच्या नोकरींत असतां, गांवाची पैसेवारी ठरविण्यासाठीं होणाऱ्या पीक-कापणीच्या वेळीं आम्हांस अनेकदां हजर राहावें लागे. ठराविक मापाचा चौकोन आंखून त्यांतील भात कापावयाचें, झोडावयाचें व वजन करावयाचें, असा तो प्रकार. त्या वेळीं एक गोष्ट वारंवार नजरेस येई. जें खाचर हिरवेंगार व उंच वाढलेलें म्हणून शेजारीपाजारी वाखाणीत, त्याच्या पेंढ्या मोठ्या होत. पण झोडून उफणल्यावर पोचट दाणेच फार निघत आणि कांट्यावर वजन भरत नसे. उलट दिसण्यांत बेताचें असें दुसरें खाचर वजनांत पुढें जाई.

याचें कारण पिकाच्या अन्नांत आहे. नत्रानें पानांस हिरवा रंग व फुटव्यांस जोर येतो. स्फुरदानें मुळें पसरतात. पानांत तयार झालेलें सत्त्व दाण्यापर्यंत पोंचविण्यास व काड ताठ ठेवण्यास पालाश लागतें. नत्र अधिक आणि पालाश कमी अशी जोडी जमली, कीं भात माजतें, परतीच्या पावसांत लोळतें, आणि करप्यासारख्या रोगांस आयतें आमंत्रण मिळतें. लोळलेल्या भाताचा दाणा नीट पक्व होत नाहीं. त्याच्या पोटांत पांढरा ठिसूळ भाग राहतो व गिरणींत गेल्यावर त्याची कणी होते. अखंड तांदूळ व कणी यांच्या भावांतील अंतर वाचकांस सांगावयास नको. याच्या उलट, पोटरीच्या सुमारास बेतानें दिलेलें नत्र दाण्यांतील प्रथिन वाढवितें व दाणा कठीण करतें. तेव्हां दोष नत्राचा नव्हे. तो वेळेचा, मापाचा व जोडीचा आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. कोंकणांतील सुधारलेल्या जातींस हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावें, अशी शिफारस आहे. एकरीं हें प्रमाण ४०, २० व २० किलो असें पडतें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असल्यामुळें ४५ किलोच्या दोन गोण्यांत एकराची नत्राची गरज भागते. पालाशासाठीं म्युरेट ऑफ पोटॅश सुमारें ३३ किलो लागतें. ही झाली जमेची बाजू.

खर्चाची बाजू अशी आहे. भातानें जमिनींतून घेतलेल्या पालाशाचा बहुतेक भाग दाण्यांत न जातां काडांतच राहतो. एक टन पेंढ्यांत सुमारें १४ ते २० किलो पालाश असतें. एकरीं १५ क्विंटल भात आलें, तर पेंढाही जवळजवळ तितकाच निघतो. तो सगळा शेताबाहेर गेला म्हणजे २१ ते ३० किलो पालाश गेलें. शिफारशीप्रमाणें पुरें खत घालणाऱ्याचीही जमा येथें अपुरी पडते. मग नुसत्या युरियावर भिस्त ठेवणाऱ्याची काय कथा! जमीन आपल्या सांठ्यांतून ही तूट कांहीं वर्षें भरून काढते, म्हणूनच ती लवकर डोळ्यांस दिसत नाहीं.

पूर्वीं ही तूट इतकी नव्हती. पेंढा घरचीं गुरें खात, आणि शेणमूत्राच्या रूपानें तो उकिरड्यावरून पुन्हां खाचरांत येई. आतां पुष्कळ गोठे रिकामे झाले आहेत. पेंढा तबेल्यांस विकला जातो किंवा आंब्याच्या पेट्यांतून परगांवीं जातो. त्यांत आपली जांभ्या जमीन आम्लधर्मी. २५०० मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस तिच्यांतील चुना व पालाश धुऊन नेतो. शिवाय युरियाचा भाव सरकारनें बांधलेला आहे, तर स्फुरद व पालाशयुक्त खतांस २०१० सालापासून निराळें धोरण लागू झाल्यावर तीं महागलीं. स्वस्त तेंच अधिक घालावें, असा कल त्यामुळें वाढला.

यावर उपाय आपल्याच प्रांतांत सुचविलेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातलागवडींत पहिलें सूत्रच भाताचें अवशेष भातास परत देण्याचें आहे. तुसाची काळी राख रोपाच्या वाफ्यांत मिसळावी व हेक्टरीं सुमारें २ टन पेंढा जमिनींत गाडावा. तूस व पेंढा यांतील सिलिका रोपास काटक करते. दुसरें सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचें, तिसरें आंखून केलेल्या लावणीचें. चौथ्या सूत्रांत युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी दर चार चुडांच्या मध्यें ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावयाची असते. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा निम्म्याहून अधिक भाग बहुधा वाया जातो. खोल चिखलांत ठेवलेली गोळी मात्र पिकास हळूहळू मिळत राहते.

एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. पेंढा ऐन चिखलणीच्या वेळीं गाडला, तर कुजतांना तो जमिनींतील नत्र कांहीं काळ ओढून घेतो व रोपें पिवळीं पडतात. यासाठीं तो पहिल्या नांगरटीच्या वेळींच गाडावा. ज्यांस गोळ्या मिळत नाहींत, त्यांनीं युरिया एकदम न घालतां लावणी, फुटवे व पोटरी अशा तीन वेळीं विभागून द्यावा, आणि देण्यापूर्वीं खाचरांतील पाणी कमी करावें. स्फुरद व पालाश किती हवें, हें मातीच्या तपासणीवरून ठरवावें. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेचा उपयोग कपाटांत ठेवण्यासाठीं नाहीं.

पेंढा विकूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येक घरांस ते पैसे लागतात, हें आम्ही जाणतों. मात्र पेंढा विकणाऱ्यानें, विकलेल्या दर टनामागें २५ ते ३० किलो म्युरेटची किंमत त्याच पैशांतून बाजूस काढावी आणि पुढील लावणीस तें खत खाचरांत पडेल अशी तजवीज करावी. ती किंमत वजा जातां जें उरेल, तेंच पेंढ्याचें खरें उत्पन्न समजावें. शेतकरी बंधूंनीं निदान एका खाचराचा असा जमाखर्च तीन वर्षें वहींत लिहून पाहावा, आणि भाताचें वजन व गिरणींतून आलेली कणी त्याच पानावर नोंदवावी, अशी आमची विनंती आहे.