वीस मिलिग्रॅमची गोष्ट

गोंदियापासून चार-पाच किलोमीटरवर आमचं नागरा. प्राचीन शिवमंदिराचं आणि महाशिवरात्रीच्या जत्रेचं गाव. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून निवृत्तीनंतरही गावातले दवाखान्याचे कागद आधी माझ्या ओसरीवर येतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा एक तरुण शेतकरी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला.

"गुरुजी, मुंबईले कॅन्सरचा नवा इलाज निघाला म्हणते. धानाची बांधी विकली त पुरन का?"

त्याच्या वडिलांना गालाचा कॅन्सर. खर्रा खाण्यात उभी हयात गेलेली. शस्त्रक्रिया झाली, पण आठ महिन्यांत गाठ पुन्हा आली आणि आता ती कापण्यापलीकडे गेली होती.

कात्रणातली बातमी खरी होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून 'नेक्सकार१९' हा भारताचा पहिला कार-टी पेशी उपचार तयार झाला. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, बाहेर काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात. त्यामुळे त्यांना 'सीडी१९' हे प्रथिन ओळखता येतं. मग त्या वाढवून पुन्हा शरीरात सोडतात. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे त्याच्या सुमारे एक-दशांश.

पण सीडी१९ ही खूण असते रक्तातल्या बी-पेशींवर. म्हणून हा उपचार काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरच चालतो. गालाच्या गाठीवर ती खूणच नाही. बांधी विकून तो मुंबईला गेला असता, तरी या उपचाराचा त्याच्या वडिलांना उपयोग नव्हता. हे त्याला सांगताना माझी जीभ जड झाली.

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. तिचा गाजावाजा कमी झाला.

आपल्या टी-पेशींना 'पीडी-१' नावाचा ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी तो दाबून शिपायाला थोपवते. निवोलुमॅबसारखी औषधं हा ब्रेक सोडवतात. या शोधाच्या पायाभूत कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अडचण किमतीची. दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस सामान्य घराला झेपत नाही. मात्र हे औषध पीडी-१ला इतकं घट्ट चिकटतं, की थोड्या मात्रेतही बहुतेक जागा व्यापल्या जातात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं. डोकं-मानेचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. निम्म्यांना तीन स्वस्त-सोप्या गोळ्या, उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे १६ टक्के, दुसऱ्यात ४३ टक्के.

हे बरं होणं नव्हे, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण ज्या आजारात महिने मोजावे लागतात, तिथे हा फरक लहान नाही. नवं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला मोठी यंत्रं दिसतात. 'किती कमी औषध पुरेल?' हा प्रश्नही तंत्रज्ञानच आहे, आणि विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणाऱ्या माणसासाठी तोच जास्त मोलाचा.

त्याने नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागद तपासून हाच उपचार सुरू केला. बांधी विकावी लागली नाही. यंदा तिच्यात रोवणी झाली. म्हातारबा अंगणात बसून मऊ भात खातात. पुढचं कोणी सांगू नये.

त्या दिवशी उठताना मी मुलाला म्हटलं, "तोंड उघड. तीन बोटं उभी घालून पाहा." निरोगी तोंडात ती सहज मावतात. सुपारी-तंबाखूने गाल आतून कडक झाले की मावत नाहीत, आणि कॅन्सरच्या कितीतरी आधी मिळणारा हा इशारा असतो. त्याला पैसा लागत नाही, मुंबईही लागत नाही.

त्याची दोनच बोटं गेली.

खिशातली खर्र्याची पन्नी त्याने माझ्या ओसरीवरच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला तपासणीला घेऊन मीच गोंदियाला गेलो.