सहा घटांची गोष्ट

मराठी शिकविणाऱ्या मास्तराने मोटारीच्या बॅटरीवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे विपरीत वाटेल. आमच्या सौभाग्यवतींना ते वाटलेच, आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले. "अहो, तुम्हाला घरातल्या घड्याळाचा सेल बदलता येत नाही!" हे खरे आहे. परंतु गेल्या वर्षीच्या मे महिन्यात जे घडले, त्यानंतर या दहा किलोंच्या काळ्या पेटीविषयी मी जितके वाचले, विचारले आणि पाहिले, तितके पीएच.डी.साठी वाचले असते तर आज माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागले असते.

रात्रीचे अडीच वाजले होते. छत्रपती संभाजीनगरचा मे महिना काय असतो हे या गावच्या माणसाला सांगावयास नको. दिवसा पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री भिंती तो उन्हाळा परत देत बसतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, गच्चीवर निजले होते. ते खाली आले आणि म्हणाले, "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय रे." कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात घाम कुणाला येत नाही? तरी सौ.ने त्यांचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाली, "गाडी काढा."

मी गाडी काढावयास गेलो. किल्ली फिरविली. 'टक्.' पुन्हा फिरविली. 'टक्.' समोरच्या फळीवरचे दिवे लागले, मंदावले आणि विझले. चिरंजीव धावत आले. आम्ही बापलेकांनी गाडी गारखेड्याच्या आमच्या गल्लीत ढकलली. गतिरोधकापर्यंत एकदा आणि तिथून उताराने एकदा. जुन्या मोटारी अशा धक्क्याने सुरू होत असत. हल्लीच्या गाडीत पेट्रोल सोडण्याचे आणि ठिणगी पाडण्याचे कामही विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या ताब्यात असते. बॅटरीत थोडा तरी जीव असेल तर धक्क्याचा उपयोग. ती पार मेली असेल तर गाडी अजिंठ्यापर्यंत ढकलली तरी उपयोग नाही. हे ज्ञान मला त्या रात्री नव्हते. १०८ ला फोन करावा हेही सुचले नाही, कारण 'आपली गाडी आहे की' हा विचार डोक्यात घट्ट बसलेला!

शेवटी समोरच्या घरातले चाचा आवाजाने उठले. त्यांचा मुलगा रिक्षा चालवितो. त्या रिक्षातून आम्ही अण्णांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखणं किती वाजता सुरू झालं?" मी सांगितले, आणि मधली वीस-पंचवीस मिनिटे कुठे गेली ते सांगावयाची मला लाज वाटली. हृदयविकाराचा झटका होता. रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. अण्णा वाचले. परंतु त्या मिनिटांचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

हे चाचा चिकलठाण्याच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत सारी हयात काढून निवृत्त झालेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गाडीचे टोपण उघडले, बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावला आणि आकडा पाहून मान हलविली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, बॅटरी पंधरा दिन से बोल री थी. आप जबान के मास्टर, और उसकी जबानइच नईं समझे!"

खरेच ती बोलत होती. सकाळी कॉलेजला निघताना गाडी पहिल्यासारखी चटकन न उठता आळोखेपिळोखे देऊन उठत असे. सिग्नलपाशी उभे राहिलो की दिव्यांचा उजेड मलूल होई. भोंग्याचा आवाज बसला होता. मला वाटले, जालना रोडवर इतका वाजवावा लागतो, बसणारच! बॅटरी साडेचार वर्षांची झाली होती हे मला ठाऊकच नव्हते.

आता ही पेटी आहे तरी काय? शाळेत आपण तिला 'घटमाला' म्हणून शिकलो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात, प्रत्येक सुमारे दोन व्होल्टचा. शिशाच्या जाळीदार पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल, एवढाच संसार. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली असा पुन्हा पुन्हा भरता येणारा घट प्रथम तयार केला, आणि मोटारीची बॅटरी अजून त्याच तत्त्वावर चालते. 'बॅटरी' हा शब्द तर तोफखान्यातला. ओळीने मांडलेल्या तोफांच्या ताफ्याला बॅटरी म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ साली विजेच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि तोच शब्द त्यांना लावला. मराठीत आपण त्याला 'घट' केले, हे मला जास्त गोड वाटते.

मोटारीत ही पेटी मुख्यतः आली ती हाताची हाडे वाचविण्यासाठी. पूर्वी गाडीच्या नाकात लोखंडी हॅण्डल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाई. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, आणि हे काम बॅटरीवर पडले. आपल्याकडे अँबॅसडरच्या डिकीत ते हॅण्डल नंतरही कित्येक वर्षे असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, मध्यमवर्गीयांच्या दारात छोटी गाडी उभी राहिली आणि हॅण्डल विस्मरणात गेले.

छोट्या गाडीच्या बॅटरीवर बहुधा 'बारा व्होल्ट, ३५ अँपिअर-तास' असे लिहिलेले असते. म्हणजे पावणेदोन अँपिअरचा प्रवाह ती वीस तास पुरवू शकते. स्टार्टर मात्र क्षणभरात शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. हे काम एखाद-दुसऱ्या सेकंदाचे. पुढचा भार इंजिनावर फिरणारा आल्टरनेटर उचलतो आणि खर्ची पडलेलेही भरून देतो. पण त्यासाठी गाडी थोडी धावली पाहिजे. गारखेड्याहून औरंगपुऱ्यात भाजीला जायचे, तिथून गुलमंडीवर थांबायचे आणि परत यायचे, असल्या प्रवासात खर्च होतो तेवढी भरपाई होतच नाही. आणि पुढचे दिवे चुकून लागलेले राहिले तर तीन तासांत सारी पुंजी संपते.

आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी मात्र उन्हाळा. उष्णतेने आतली रासायनिक झीज झपाट्याने होते आणि पाणी उडते. ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी कायम वाढले तर आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. गंमत अशी की उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी पुष्कळदा डिसेंबरच्या एखाद्या गार पहाटे प्राण सोडते, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनही जड फिरते. माणूस थंडीला दोष देतो. खून मे महिन्यातच झालेला असतो.

चाचांनी मला मीटर वाचावयास शिकविले. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ च्या आसपास आकडा आला तर पोट भरलेले, १२.२ म्हणजे निम्मे. १२ च्या खाली गेला तर जवळजवळ उपाशी. किल्ली फिरविताना तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आतून पोखरलेली समजावी. आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. तितके दिसले नाहीत तर दोष बॅटरीचा नसून आल्टरनेटरचा किंवा जोडणीचा असू शकतो. नुसत्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या खारानेही गाडी अडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातब्रशाने तो काढला की कित्येकदा काम भागते. आमच्या बॅटरीचे तेवढ्याने भागणार नव्हते.

मोंढा नाक्याकडच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने आधी विचारले, "मोठी देऊ का सर? जास्त टिकेल." मी होच म्हणणार होतो. चाचांनी माझा हात दाबला. मोठी बॅटरी तबकात नीट बसत नाही, तिला दाबून धरणारा पट्टा लागत नाही, आणि उंचीने जास्त असली तर वरचे लोखंडी टोपण तिच्या टोकांना टेकण्याची भीती. क्षमता थोडी जास्त असल्याने बिघडत नाही, पण आकार तोच हवा. आमच्या जुन्या बॅटरीवर '३८बी२०एल' असे गूढ मंत्राक्षर होते. ही जपानी पद्धत आहे. ३८ हा ताकदीचा क्रम, 'बी' हा रुंदी-उंचीचा वर्ग, २० ही सेंटिमीटरांतली अदमासे लांबी, आणि शेवटचे 'एल' हे टोके कोणत्या बाजूस आहेत ते सांगते. 'एल'च्या जागी 'आर' घेतलीत तर तारा पोचत नाहीत. आणि कुणी उत्साही पोऱ्याने अधिकाची तार उण्याला जोडली तर फ्यूज आणि आल्टरनेटर दोन्ही जाण्याची पाळी! सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांना वेगळ्या बांधणीची बॅटरी लागते. तिथे साधी बसवून काटकसर करू नये. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीही गाडीच्या कामाची नव्हे. तिच्या पट्ट्या जाड, सावकाश देणाऱ्या. गाडीला हवा एकदम दणका.

मग तारीख. बॅटरी दुकानात नुसती पडली तरी आतून रिती होत असते, म्हणून कारखान्यातून निघाल्याला दोन-तीन महिन्यांहून जास्त झालेली घेऊ नये. हा शिक्का कधी संकेताक्षरांत असतो. दुकानदाराकडून त्याचा अर्थ लावून घ्यावा. अर्थ लावताना तो अडखळला तर दुसरी मागावी. मी 'ही नको' म्हटले तेव्हा आमचा दुकानदार हसला आणि आतून ताजी घेऊन आला. ती आत होतीच!

हमीच्या आकड्यांनी मी प्रथम भुललो होतो. '२४ अधिक २४ महिने' म्हणजे मला वाटले, चार वर्षे निश्चिंती. तसे नाही. पहिल्या चोवीस महिन्यांत बिघडली तर फुकट बदलून. पुढच्या चोवीस महिन्यांत नव्या बॅटरीवर उतरती सूट, आणि तीही छापील किमतीवर. बाजारात छापील किमतीला बॅटरी कोण घेतो? म्हणजे त्या सुटीतली निम्मी हवाच. पहिला आकडा पाहावा, दुसऱ्याला नमस्कार करावा. आणि कार्डावर तारीख व शिक्का दुकानातच घालून घ्यावा.

दुकानातला पोरगा बसवून द्यावयास घरी आला. त्याने दहा नंबरचा पाना काढला आणि थेट लाल तारेला हात घातला. "अरे रुक!" चाचा ओरडले. गाडीचे सारे लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेले असते. लाल टोक सोडविताना पाना अंगाला टेकला की प्रचंड ठिणगी. म्हणून काढताना काळी तार आधी, लाल नंतर. बसविताना लाल आधी, काळी शेवटी. चाचांनी स्वतःची चांदीची अंगठी काढून खिशात टाकली आणि मलाही काढावयास लावली. कार्यशाळेत पाना आणि अंगठी यांच्या मधून वीज गेली म्हणजे बोटाचे काय होते ते त्यांनी पाहिले होते. ते वर्णन दिवाळी अंकात नको.

जुनी निघाली, तबक सोड्याच्या पाण्याने धुतले, नवी बसली, पट्टा आवळला. हा पट्टा पुष्कळजण ढिला सोडतात, आणि मग खड्ड्याखड्ड्यांतून आतल्या पट्ट्या खिळखिळ्या होतात. टोकांवर तारा हाताने दाबून बसविल्या. हातोडीने ठोकल्या नाहीत. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. तेवढ्यात सौ. हळदकुंकू, नारळ आणि पेटलेली उदबत्ती घेऊन आल्या. चाचा घाईने पुढे झाले, "भाभी, कुंकू लगाव, नारियल फोडो, मगर अगरबत्ती दूर!" बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. उदबत्ती तुळशीपाशी गेली. किल्ली फिरविली. गाडी पहिल्या हाकेला उठली, मीटरने १४.१ दाखविले. घड्याळात मात्र बारा वाजले होते, ते नीट लावावे लागले.

जुनी बॅटरी पोराने नेली आणि बिलातून काही शेकडा रुपये वजा झाले. ती भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. उघड्यावर ती फोडली की अम्ल गटारात जाते आणि शिशाची धूळ आसपासच्या मुलांच्या पोटात. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असा नियम २००१ पासून आला. २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून शिसे पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. शिसे वितळवून पुन्हा नवी बॅटरी होते, आणि हे कितीही वेळा करता येते.

जाताना चाचांनी पांढऱ्या रंगाने नव्या बॅटरीच्या पाठीवर बसविल्याची तारीख लिहिली. मी त्यांना पैसे विचारले तर रागावले. संध्याकाळी त्यांच्याकडे अण्णा स्वतः गेले, चहा घेऊन आले आणि येताना तो मीटर मागून घेऊन आले. आता दर रविवारी सकाळी, गोळ्या घेऊन झाल्या की, अण्णा खाली उतरतात, चिरंजीवाकडून टोपण उघडवितात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहितात. गेल्या रविवारचा आकडा १२.५ आहे.